मदत हवी आहे : ज्वालामुखीच्या धोक्याच्या नकाशात लोकसंख्या कशी मोजावी?

सर्वांना नमस्कार. मी नागपूरला भूगोलात एम. ए. करत असून, इंडोनेशियातील मेरापी ज्वालामुखीपासून आसपासच्या वस्तीला असलेल्या धोक्याचा नकाशा हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा खडकही लाव्हाचाच. परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला असल्याने जागत्या ज्वालामुखीवर काम केलेले मार्गदर्शक येथे सहज मिळत नाहीत.

मुखाभोवती १०, २० आणि ३० किलोमीटरची वर्तुळे आखून मी वर्ल्डपॉप या जगभरच्या लोकसंख्येच्या माहितीसंचातील १०० मीटर चौकटींमधील लोकसंख्या क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत मोजली. पण राख आणि पाणी मिसळून येणारा चिखलाचा लोंढा, म्हणजे लाहार, वर्तुळ मानत नाही. तो नदीची दरी धरून जातो. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुईसच्या शिखरावरील बर्फ वितळून आलेल्या लाहारांनी मुखापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या आर्मेरो गावातील सुमारे २०,००० माणसे गाडली, आणि धोक्याचा नकाशा त्याआधीच तयार झालेला होता, हे वाचल्यापासून केवळ वर्तुळांवर विसंबणे मला अयोग्य वाटते.

एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीतील ३० मीटर चौकटींच्या उंची-नोंदींवरून अरुंद दऱ्यांतील लाहारची पोहोच विश्वासार्हपणे काढता येते का? रात्री घरी आणि दिवसा उतारावरील शेतात असणाऱ्या माणसांचा फरक कसा धरावा? ज्यांनी आपल्याकडे पूररेषेचे काम केले आहे, त्यांचा अनुभवही मला फार उपयोगी पडेल.