शिक्का की साचा?

काही जण म्हणतात की संस्कृती आधी असते, सरकार-कायद्यासारख्या संस्था तिच्यावर नुसता शिक्का मारतात. अर्धंच पटलं. आडनावाचं बघा ना, त्याहून 'आपलं' काय असतं? पण १८४९ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नर जनरलने, क्लावेरियाने, कर आणि नोंदींचा घोळ मिटवायला आडनावांची छापील यादीच काढली. ती वर्णानुक्रमे होती. काही ठिकाणी तिची पानं गावोगाव वाटली गेली, म्हणून अल्बाय प्रांतातल्या ओआसमध्ये आजही 'आर'ने सुरू होणाऱ्या आडनावांची रेलचेल आहे. कारकुनाच्या सोयीसाठी आलेलं नाव दोन-तीन पिढ्यांत घराण्याचा अभिमान होऊन बसतं! तुर्कस्तानात तर १९३४ च्या कायद्याने आडनाव सक्तीचं झालं, राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमालचं 'अतातुर्क' हे आडनावही त्याच वर्षीचं.

अर्थात माणसं म्हणजे काही ओल्या मातीचा गोळा नव्हेत. कागदावर एक नाव आणि घरात हाक वेगळीच, हे चालतंच. पण शाळेचा दाखला, वारसाहक्क, लग्नाची नोंद सगळीकडे कागदावरचंच नाव लागतं, आणि मुलं तेच गिरवत मोठी होतात. घरातली हाक मग आजीबरोबरच जाते.