नजर 6/6, तरी गर्दीच्या चौकात बाबांना बाजूची गाडी दिसत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
बाबा 72 वर्षांचे. नागपुरात मानेवाड्याहून बर्डीला आजही स्कूटरनेच जातात. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा लावून 6/6. साखर नाही, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली.

मागच्या आठवड्यात मेडिकल चौकात मी मागे बसले होते. समोर बस, सिग्नल सुटायला आलेला, मधूनच घुसणारे ऑटो, आणि मी मागून लग्नाच्या आहेराबद्दल बोलत होते. डावीकडून ई-रिक्षा वळली. मला दिसली, बाबांना नाही. मी ओरडले म्हणून हातभर अंतरावर थांबलो. बाबा म्हणाले, "मला सगळं दिसून राहिलं नं, ती कुठून आली तेच समजलं नाही." दुपारी रिकाम्या रस्त्यावर हेच बाबा आडवं येणारं कुत्रं लांबूनच हेरतात.

दुसरी गोष्ट. बर्डीच्या मोदी नंबर 3 गल्लीत लावलेली स्वतःची राखाडी स्कूटर त्यांना दहा-दहा मिनिटं सापडत नाही. माझी लाल गाडी मात्र लगेच दिसते.

हे वयाचं की आजाराचं? कोणती तपासणी करावी? आई गेल्यापासून ती स्कूटरच त्यांचा आधार आहे, ‘चालवू नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

— मानेवाडेकर

प्रतिसाद:
ताई, मी मानसशास्त्र शिकवते. तक्त्यावरची अक्षरं वाचताना फक्त मधली नजर तपासली जाते, तीही शांत खोलीत. चौकात समोरच्या बसवर लक्ष ठेवून त्याच क्षणी कडेचंही टिपावं लागतं. एका नजरेत जेवढं टिपता येतं तो टापू वयानुसार आक्रसतो. समोरचं काम अवघड असेल किंवा आजूबाजूला गर्दी असेल, तर आणखीच. तुमचं मागून बोलणंही त्यात भर घालतं.

गाडीचंही तसंच. लाल रंग एकटा असला की आपोआप डोळ्यांत भरतो, उतारवयातही. पण राखाडी गाड्यांतून आपली ओळखायची तर रंग, आकार, नंबर एकेक जुळवत जावं लागतं. जितक्या गाड्या जास्त तितका वेळ जास्त, आणि वयस्कांचा वेळ तरुणांपेक्षा भराभर वाढतो. सीटला लाल कव्हर घाला, खरंच फरक पडेल.

मात्र ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. आधी काचबिंदूची तपासणी आणि फील्ड टेस्ट (कडेची नजर तपासणारी चाचणी) करून घ्या. काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते आणि 6/6 बराच काळ तशीच राहू शकते. सरावाने फरक पडतो का, हे अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 2,832 जणांवर तपासलं होतं. 2002 साली निकाल आले. संगणकावरच्या दहा बैठकांनंतर लक्षाचा वेग बऱ्याच जणांचा सुधारला. तोवर संध्याकाळची बर्डी टाळा, आणि मागे बसाल तेव्हा गप्प बसा.

मानेवाडेकर:
मीच बोलत होते, हे डोक्यातून जात नाहीये. लाल कव्हर आजच आणते. फील्ड टेस्टची वेळ सोमवारची मिळाली आहे. त्या दिवशी डोळ्यांत थेंब टाकतील का? टाकणार असतील तर बाबांना ऑटोने नेईन.