मदत हवी आहे : आईची 'तीन चांगल्या गोष्टीं'ची वही

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. बाबा गेल्यापासून आई गप्प गप्प असते. बीपी, साखर ठीक. नैराश्याचीही तपासणी झाली, औषधाची गरज नाही म्हणाले. मन रमवा म्हणे. कसं, ते कोण सांगणार?

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तपासलेला एक उपाय वाचला. आठवडाभर रोज रात्री, दिवसात चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि त्या का झाल्या, तेही. करणाऱ्यांचा आनंद वाढलेला, उदासी कमी झालेली सहा महिन्यांनीही दिसली.

आईला वही दिली. पहिल्या रात्री लिहिलं, "पोदेर (पाववाला) वेळेवर आला. पाव गरम होते." तिसरी ओळ कोरी. का झालं विचारलं, तर "देवाची कृपा, आणखी काय!" दुसऱ्या दिवसापासून त्याच वहीत मासळीचा हिशेब.

घरच्या वडीलधाऱ्यांकडून कोणी हे करून घेतलंय का? लिहिण्याऐवजी जेवताना बोलून जमतं का? सेलिगमन यांच्या समाधानी आयुष्याच्या 'पर्मा' सूत्रातल्या पाच घटकांत नाती हाही एक आहे, आणि आईचं घोडं तिथेच अडलंय असं मला वाटतं. फोंड्याजवळ बायकांचं भजनी मंडळ माहीत असेल तर जरूर कळवा.

(सुविचारांचे फॉरवर्ड कृपया नकोत, ते तिच्याकडे ढीगभर आहेत.)