शहराचं एथिक्स कमिशन म्हणजे नेमकं काय? त्यात कोण बसतं?

लातूरकर_पोरगा
मंडळी मदत हवी. आमच्या नागरिक मंचाची रविवारी बैठक आहे, विषय असा की नगरसेवक आणि गुत्तेदार यांच्या साटंलोट्यावर लक्ष ठेवायचं कुणी. अमेरिकेत म्हणे सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिससारख्या शहरांना स्वतःचं एथिक्स कमिशन असतं. ते करतं काय, त्यात माणसं कोण घेतात, आणि महापौरानंच नेमलेली माणसं महापौराची चौकशी कशी करणार हे मला कळंना झालंय. आपल्याकडं असलं काही आहे का? जरा सविस्तर लिहा, मला तिथं उभं राहून बोलायचंय.

नांदेड_ते_ओकलंड
भाऊ, मी मूळचा नांदेडचा, आता इकडं अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारच्या ओकलंडला असतो. तुझा महापौरवाला प्रश्नच खरा मुद्द्याचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत हे कमिशन १९९३ ला लोकांनी मतदान करून आणलं. सदस्य पाच, पण पाचही एकानं नेमायचे नाहीत. एक महापौर नेमतो, एक तिथली नगरसेवकांची सभा, एक शहराचा वकील, एक फौजदारी खटले चालवणारा सरकारी वकील आणि एक मालमत्तांचं मूल्यांकन बघणारा असेसर. आणि हे दोन्ही वकील नि असेसर तिथं स्वतः निवडून येतात, महापौराच्या हाताखालचे नसतात, म्हणून पाचही जण एकाच्या खिशात जाणं अवघड. मुदत सहा वर्षं आणि एकदाच, त्यामुळं पुन्हा नेमणूक मिळावी म्हणून कुणाची मर्जी सांभाळायची गरज उरत नाही. शहराचं दुसरं पद, पक्षाचं पद, लॉबिंगचा धंदा (म्हणजे पैसे घेऊन कुणासाठी तरी सरकारदरबारी वजन वापरणं) यातलं काही चालत नाही, निवडणुकीत कुणाचा प्रचारसुद्धा करायचा नाही.

आमच्या ओकलंडला सात जण आहेत. महापौर, शहराचा वकील आणि ऑडिटर एकेक नेमतात, उरलेले चार कमिशन स्वतःच अर्ज मागवून निवडतं. मला विचारशील तर हीच पद्धत जास्त चांगली.

कामाचं म्हणशील तर लोकांना वाटतं नुसत्या चौकशा करतात, पण रोजचं काम वेगळं आहे. उमेदवारांच्या देणग्यांचे हिशोब, लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी, अधिकाऱ्यांचे आर्थिक हितसंबंध लोकांपुढं मांडणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी सल्ला देणं. समजा एखाद्या अधिकाऱ्याच्या बायकोची फर्म टेंडर भरतेय, तर मी त्या फाइलवर सही करू का हे तो आधीच विचारू शकतो. नियम मोडला तर सॅन फ्रान्सिस्कोत एका गुन्ह्याला ५००० डॉलरपर्यंत किंवा ज्या रकमेत घोळ झाला तिच्या तिप्पट दंड. जेलमध्ये टाकायचं काम मात्र त्यांचं नाही, ते सरकारी वकिलाकडं जातं.

परभणीकर_काका
मी मनपाच्या बांधकाम विभागातून रिटायर झालोय म्हणून विचारतो, एवढं सगळं असून तिथं भ्रष्टाचार थांबला का? कमिशन असताना मोठा मासा सापडला असं कधी झालं का?

नांदेड_ते_ओकलंड
काका, थांबला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा प्रमुख मोहम्मद नुरू याला जानेवारी २०२० मध्ये अटक झाली, पण धरलं ते एफबीआयनं, आणि २०२२ ला त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. कमिशन तेव्हा पंचवीस वर्षांहून जुनं होतं. पण त्यानंतर जे झालं तेही बघा. पाचपैकी चार सदस्य तयार असतील तर कमिशनला कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढं ठेवता येतो, नगरसेवकांची परवानगी लागत नाही. मार्च २०२४ ला भेटवस्तूंचे नियम कडक करणारा प्रस्ताव त्यांनी असाच मतदानाला टाकला आणि लोकांनी तो मोठ्या फरकानं पास केला. माझ्या मते कमिशनचा खरा दात हाच आहे.

वकील_संभाजीनगर
आता आपल्याकडचं. शहरापुरतं असं कमिशन महाराष्ट्रात नाही. लोकायुक्त आहेत, १९७१ चा कायदा, आणि लोकायुक्त नेमणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, पण ते शिफारस करतात, दंड ठोकत नाहीत. लाच मागितली तर एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, नंबर १०६४. केरळात मात्र स्थानिक संस्थांसाठी वेगळा लोकपाल आहे, हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, बैठकीत हे उदाहरण नक्की द्या.

राहिला प्रश्न गुत्त्याचा. महापालिका अधिनियम १९४९ चं कलम १० वाचा. मनपाच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतः किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. नियम चांगलाय. पण कलम १२ नुसार हा वाद न्यायाधीशाकडं न्यायचा तो एकतर नगरसेवकानं, नाहीतर मनपानं सांगितल्यावर आयुक्तानं. ज्याच्या घरासमोरचा रस्ता खचला त्या साध्या माणसाचं त्यात नावच नाही, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

लातूरकर_पोरगा
वकीलसाहेब, दादा, काका, लई मोठी मदत झाली. मग आमच्या मंचानं पहिली मागणी काय करावी? कमिशन पाहिजे म्हणलं तर कायदाच बदलावा लागणार, तो मुंबईत बदलणार.

परभणीकर_काका
बाळा, कायद्याची मागणी करा, पण तोवर हातात आहे ते सोडू नका. वॉर्डावॉर्डातल्या कामाची यादी मागा, काम कोणतं, गुत्तेदार कोण, फर्मचे भागीदार कोण, बिल किती निघालं. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली मनपानं न विचारताच बरंच काही जाहीर करायचं असतं, तेवढंच पकडून लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. भागीदारांची नावं आणि उमेदवारांनी निवडणुकीला दिलेली शपथपत्रं शेजारी ठेवून वाचली तर काय ते तुम्हालाच दिसंल. फाइल कुठं अडली तर इथं लिहा, कोणत्या टेबलावर जायचं ते मी सांगतो.