मदत हवी आहे: अपठित कवितेचं रसग्रहण

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. लेक बारावीला आहे, अपठित कवितेच्या रसग्रहणात अडकतेय. गद्य उतारा बरा लिहिते. कविता आली की सरळ अर्थ लिहून मोकळी, नाहीतर अलंकार मोजत बसते. परवा मीच पावसावर चार ओळी रचून दिल्या (हसू नका). ‘माड अंगणात डोकावले’ इथे तिने चेतनगुणोक्ती (निसर्गातली वस्तू माणसासारखी वागते तो अलंकार) ओळखली, पण त्यामुळे कवितेत काय घडलं यावर अवाक्षर नाही! घरी आम्ही कोंकणी बोलतो, त्यामुळे मराठी शब्दांच्या छटाही निसटतात. मोठ्या अभंगाच्या चार चरणांची ६-६-६-४ अक्षरं मोजायला शिकवलं. पण अक्षरांचं असं बंधन नसलेल्या मुक्तछंदातली लय कशी दाखवायची ते मलाच सुचत नाही. पहिल्या वाचनात नेमकं काय टिपायचं? शिकवणाऱ्यांनी जरा सांगा.