शब्दचर्चा: ‘एजिंग’ला ‘मुरवणे’ म्हणावं का?

गोदाकाठ
नाशिकच्या अंबडमधल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपसाठी (धातू भट्टीत तापवून त्याचे गुण बदलणारा कारखाना) माहितीपत्रक करते आहे. भट्टीवरच्या पोरांना वाचता आलं पाहिजे एवढीच अट. विषय इन्कोनेल ७१८, म्हणजे जेट इंजिनात लागणारा निकेलचा मिश्रधातू. ग्रेनला, म्हणजे धातूतल्या एकेका स्फटिकाला, ‘दाणा’ घेतलंय, तसं सगळे बोलतातच. अडलंय ‘एजिंग’वर, म्हणजे जॉब (भट्टीत घातलेला भाग) ठरावीक तापमानाला तासन्‌तास ठेवून कडक करण्यावर. एका भाषांतरात ‘वार्धक्य प्रक्रिया’ वाचलं आणि त्या जॉबची कीव आली. मला ‘मुरवणे’ सुचतंय. कसं वाटतं?

सातपूरकर
ताई, कानाला छान लागतं, पण अर्थ उलटा जातो. मुरणं म्हणजे बाहेरचं आत जिरणं. एजिंगमध्ये आत जिरलेलं बाहेर पडतं. ‘मुरवणे’ वापरायचंच असेल तर आधीच्या पायरीला, सोल्युशनला वापरा: ९८० अंश सेल्सिअसच्या आसपास निओबियम मूळ धातूत विरघळतं आणि झटकन थंड केलं की तिथंच अडकून बसतं. मग एजिंग. ७२०ला ८ तास, ताशी ५५ अंशांनी ६२०पर्यंत उतरायचं, तिथं पुन्हा ८ तास. या वेळात निकेल-निओबियमच्या बारीक चकत्या दाण्याच्या पोटात जागोजाग तयार होतात. ७१८ची ताकद मुख्यतः त्यांची. शॉपमधल्या मायक्रोस्कोपखाली त्या दिसत नाहीत, तिथं दिसतात ते फक्त दाणे. म्हणून फोटो बघून ‘एजिंग झालंय’ असं कुणी म्हणालं तर हार्डनेस, म्हणजे कडकपणाचा आकडा मागायचा.

कोयता
आपला जुना ‘पाणी देणे’ (तापवून पाण्यात बुडवणे) काय वाईट आहे?

सातपूरकर
कोयत्याला पाणी दिलं की तो कडक होतो, आणि ७१८ला दिलं की ते मऊच राहतं. सोल्युशननंतर कडकपणा रॉकवेल सी या मापावर विशीच्या आसपास किंवा खाली, एजिंगनंतर साधारण ४०. त्यामुळेच बरेच जण रफ मशिनिंग (पहिली ढोबळ कापणी) एजिंगच्या आधी उरकून घेतात. ‘पाणी दिलं’ म्हटलं तर नवा पोरगा जॉब कडक झाला असं धरून चालेल.

कळवणकर
त्या चकत्यांना काय म्हणणार? शाळेत ‘अवक्षेप’ शिकलो, आजोबा ‘साका’ म्हणायचे. पण साका तळाशी बसतो, आणि इथं तर सगळं जागच्या जागी घडतंय. मला ‘रवा’ योग्य वाटतो. तूप कढवून सावकाश निवू दिलं की अंगभर रवा धरतं, घाईनं थंड केलं की धरत नाही.

सातपूरकर
वा! हा घ्याच. म्हणजे ओव्हरएजिंगचंही (एजिंग प्रमाणाबाहेर गेल्याचंही) काम झालं: ‘रवा जाडावला’. रवा बारीक आणि दाट असला की ताणाखाली होणारी धातूच्या थरांची सरक पावलोपावली अडते. जाड झाला की मधली अंतरं वाढतात, वाट मोकळी होते, ताकद उतरते. ७१८मध्ये आणखी एक भानगड आहे. ६५०च्या वर फार काळ राबवलं तर हा रवा हळूहळू डेल्टा नावाच्या पट्ट्यांत बदलतो, आणि डेल्टा ताकद देत नाही.

गोदाकाठ
मग डेल्टा वाईट असं लिहू?

सातपूरकर
नको. दाण्यांच्या हद्दीवर थोडा डेल्टा असला की दाणे वाढत नाहीत. ९८०ला सगळा डेल्टा विरघळत नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला असतो. भट्टी १०४०ला गेली की डेल्टा संपतो आणि दाणे फुगतात. थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा) कुठं लावला आहे यावर एवढं सगळं अवलंबून! पत्रकात एक पान यालाच द्या, बाकीचं कमी केलंत तरी चालेल.

ओझरवाला
एक हरकत. ‘दाणा बारीक तेवढा माल चांगला’ हे वाक्य सरसकट घालू नका. इंजिनातल्या डिस्कला ते लागू आहे, तिथं ताण वारंवार येतो आणि तापमान तुलनेनं कमी. टर्बाइनच्या पात्याचं उलटं. तिथं धातू लाल तापून फिरत असतो आणि दाण्यांच्या हद्दीच आधी घसरतात, पातं हळूहळू लांबत जातं. याला क्रीप म्हणतात, मराठीत ‘ताणत जाणे’ पुरे. म्हणून आख्खं पातं एकाच दाण्याचं ओततात. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी पाती केली, २०२१ मध्ये त्यातली ६० विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीला दिली. (आमच्या ओझरला सुखोई जुळवतात, इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून येतं. गावात मात्र सगळे समजतात की इंजिनही इथलंच.)

कळवणकर
एकच दाणा, मग त्यात रवा?

ओझरवाला
आहे की, आणि भरपूर. निकेल-ॲल्युमिनियमचा, चौकोनी ठोकळ्यांसारखा, अर्ध्या मायक्रॉनच्या आगेमागे. निम्म्याहून जास्त जागा त्यानंच व्यापलेली असते. म्हणून दाणा आणि रवा हे दोन शब्द वेगळे राखा, ‘कण’ दोन्हीकडे चिकटवू नका.

गोदाकाठ
ठरलं: ग्रेन म्हणजे दाणा, आतला तो रवा, सोल्युशन म्हणजे विरघळवणे. एजिंगला ‘रवा धरवणे’ लिहिते.

सातपूरकर
पत्रकात लिहा. भट्टीच्या चार्टवर आणि जॉबकार्डवर ‘एजिंग’च ठेवा, नाहीतर ऑडिटच्या दिवशी साहेब तुपाची रेसिपी समजून कागद परत करतील.