बाबाचं बायपास, हिमोग्लोबिन ९.२, आधीच रक्त चढवाव का?

दारव्ह्याचा_शेतकरी: बाबाचं बायपास नागपूरले ठरलं पण हिमोग्लोबिन ९.२ निघालं त डॉक्टर म्हणतात आधी आयर्नची सलाईन लावू, ऑपरेशन मंग. घरचे म्हणून राहिले का दोन-चार बाटल्या चढवा अन् मोकळे व्हा, कापूस वेचाले यायच्या आत उरकवा. गावातले पोरं रक्त द्याले तयार आहेत. कोणाले मायती आहे का?

ओटीवाला_वर्धा: भाऊ डॉक्टरचंच आयका. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्याईत सलाईन भरलेलं असते, त्यानं रक्त अजून पातळ होते, मंग आधीच कमी असलं का बाहेरचं जास्त लागते. अन् बाहेरचं रक्त म्हणजे टॉनिक नोहे, गरज असली त जीव वाचवते पण रिअ‍ॅक्शन, फुप्फुसाचा त्रास होऊ शकते. हृदयाच्या ऑपरेशनवरच्या २०१७ च्या ट्रिक्स-३ अभ्यासात हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले पेशंट, लवकर रक्त दिलेल्याईपेक्षा वाईट नाही निघाले. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, सांडलेलं रक्त धुऊन परत देणारी सेल सेव्हर मशीन, हे इचारून घ्या. पोरायले मात्र तयार ठेवा.

आशाताई_गडचिरोली: सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशी वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) तपासणी झाली का जी? आपल्या इकडं लय आहे, नुसता वाहक असला तरी भूलवाल्या डॉक्टरले सांगाच, मशीनवर अंग थंड करतात, त्यानं पेशी वाकड्या होऊ शकतात.

दारव्ह्याचा_शेतकरी: नाही झाली ताई, उद्याच करतो. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गाठी होऊ न देणारी गोळी) चालू आहे, बंद करू का?

ओटीवाला_वर्धा: मनानं नका करू. साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण तारीख सर्जनच सांगन. अ‍ॅस्पिरिनचंही त्याइलेच इचारा, ते बहुतेक चालू ठेवतात.